नाशिकहून कोकण किनाऱ्यावर: शिडाच्या बोटीवर मुलाबाळांसह पंधरा-वीस दिवस कसे काढायचे

नवरा-बायको आणि दोन मुलं. बोटीवर चार जण दिसतात, पण मुलं आठ-दहा वर्षांच्या आतली असतील तर एक मोठा माणूस कायम त्यांच्यामागे अडकलेला असतो. शिडं, सुकाणू, नांगर, नकाशा हे सगळं बघायला उरतो तो एकच. कौटुंबिक सफरीचं सगळं नियोजन या एका गोष्टीवरून करायचं. रोजचं अंतर, शिडाचा आकार, मुक्कामाची खाडी, निघण्याची वेळ ही सगळी एकट्या माणसाला झेपेल अशीच ठरवायची. नाशिककरांना त्यात आणखी एक अडचण आहे. आपण घाटावरचे, सहाशे मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेतले. मुलांना ना उकाड्याची सवय, ना खाऱ्या पाण्याची.

कधी जायचं

डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. यात फार मतभेदाला जागा नाही. दिवाळीची सुट्टी मोहात पाडते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' याच किनाऱ्यावर आलं. मे महिन्याची सुट्टीही तशीच. २०२१ च्या मेमध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. शिवाय एप्रिलपासून दुपारचा वारा जोर धरतो आणि मेमध्ये लाटा उंचावतात. तेव्हा शाळेत रजेचा अर्ज द्यावा आणि नाताळ ते संक्रांत किंवा त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस घ्यावेत.

या काळात किनाऱ्यावरचा वारा बऱ्यापैकी वेळापत्रकाने वाहतो. भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे आणि खारे वारे इथे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाण्याजवळच्या उघड्या बसायच्या जागेत, बसून दाखवता येतात. रात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीवरून ईशान्य-पूर्वेचा हलका वारा असतो आणि समुद्र सपाट राहतो. मग तास-दोन तास वारा पडतो. बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत १२ ते १५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढतो. संध्याकाळी तो मावळतो.

म्हणून सफर उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि एकाच दिशेची. मुंबईहून गोव्याकडे जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो. परत येताना तोच तोंडावर. मुलांना घेऊन रोज दुपारी लाटांवर डोकं आपटत वर येण्यात काही अर्थ नाही. बोट भाड्याने घेताना 'मुंबईला घ्यायची, गोव्यात सोडायची' हे आधीच लेखी ठरवा. बोट परत नेणाऱ्या माणसाचा खर्च त्यात कोण देणार तेही. आपल्याकडे कप्तानाशिवाय बोट मिळणं अवघड आहे, आणि पहिल्या सफरीला कप्तान बरोबर असलेलाच बरा.

बोट बघताना

चार-पाच जणांना ३० ते ३६ फुटांची बोट पुरते. पाण्याखालचा भाग दीड मीटरच्या आसपास असावा. दोन मीटर असेल तर निम्म्या खाड्या बंद होतात. पुढचं शीड गुंडाळता येणारं असावं आणि त्याची दोरी कॉकपिटमध्ये बसून ओढता आली पाहिजे. नोंदणी, विमा आणि व्हीएचएफ रेडिओचा (समुद्रात बोलायचा बिनतारी संच) परवाना यांच्या प्रती बरोबर ठेवा. प्रत्येकाचं मूळ आधारकार्ड वॉटरप्रूफ पिशवीत घ्या. तटरक्षक दल आणि सागरी पोलीस समुद्रात बोट थांबवून कागद बघतात. निघताना जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात माणसांची नावं आणि पुढचे मुक्काम कळवून ठेवले की ही तपासणी पाच मिनिटांत संपते. परदेशातल्या नातेवाइकाने दिलेला सॅटेलाइट फोन मात्र घरीच ठेवा. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

रोजचं अंतर ३० सागरी मैलांच्या आत ठेवा. सरासरी साडेचार नॉट धरले तर पावणेसात तास होतात. नकाशावर हिशेब सोपा आहे: अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर. मुंबईहून पहिल्या दिवशी फक्त मांडव्यापर्यंत जा. तिथून जंजिऱ्याजवळची राजपुरी खाडी सुमारे ३० मैल, पुढे हर्णै तेवढंच आणि जयगडही तेवढंच. जयगड ते रत्नागिरी १८, रत्नागिरी ते विजयदुर्ग २६, विजयदुर्ग ते देवगड ११, देवगड ते मालवण २०, मालवण ते वेंगुर्ला १३, तिथून गोव्यातलं अग्वाद २३. एक दिवस चालायचं आणि एक दिवस थांबायचं असं धरलं की जवळपास वीस दिवस होतात. वेळ कमी असेल तर विजयदुर्ग किंवा मालवणला सफर संपवा. थांबण्याचे दिवस कापू नका. मुलं चिडचिडी होण्याचं कारण बहुतेक वेळा लाटा नसतात, सलग तीन दिवस पायाला जमीन न लागणं हे असतं.

घरी करायची तयारी

निघण्याच्या दोन महिने आधीपासून पोहणं सुरू करा. तरण तलावात हात-पाय मारता येणं वेगळं आणि कपड्यांसकट, जॅकेट घालून, डोक्यावरून पाणी गेल्यावर शांत राहणं वेगळं. हे दुसरं शिकवायचं. लाइफ जॅकेट नाशिकमध्येच विकत घ्या किंवा मागवा आणि तलावात नेऊन तपासा. जॅकेट वयाच्या नव्हे, वजनाच्या मापाने येतं. आतल्या शिक्क्यावर किलो लिहिलेले असतात. मुलासाठी मानेमागे उशी असलेलं, फोमचं, १०० या वर्गाचं घ्या (हा आकडा तरंगवण्याच्या जोराचा, किलोचा नव्हे). ५० चा शिक्का असलेलं फक्त पोहता येणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. गॅसने फुगणारी जॅकेटं लहान मुलांना नकोत. घट्टपणाची परीक्षा अशी: मुलाला उभं करायचं, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यातून निघून जाणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर ते जॅकेट घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर मुलांना दोन-चार वेळा घेऊन जा. हलत्या बोटीत कसं चढायचं, कुठे बसायचं आणि एक हात कायम धरायला मोकळा का ठेवायचा, हे तिथे कळतं. समुद्राचा अंदाज मात्र तिथे येणार नाही. धरणात ना भरती, ना लांब लाटा.

पाण्याची चाचणी घरात घ्या. शनिवारी सकाळी घरातला मुख्य कॉक बंद करायचा आणि चार जणांसाठी ६४ लिटर पाणी भरून ठेवायचं. दोन दिवस तेवढ्यात भागवायचं: पिणं, स्वयंपाक, दात, हात-तोंड, अंगावर शेवटचा गोड्या पाण्याचा तांब्या. माणशी रोज आठ लिटर, त्यातले तीन निव्वळ पिण्याचे. रविवारी दुपारपर्यंत कोण नळ सोडून दात घासतं ते कळेल. बोटीवर भांडी आणि आंघोळीचा मोठा भाग समुद्राच्या पाण्याने होतो, म्हणून हा आकडा पुरतो. पिण्याचं पाणी बोटीच्या टाकीवर सोपवू नका. २० लिटरचे कॅन वेगळे घ्या. चार जणांना सात दिवसांचं पिण्याचं ८४ लिटर होतं, म्हणजे पाच कॅन. टाकीचं पाणी खराब झालं किंवा पंपातून गळून गेलं तरी हे कॅन शाबूत राहतात.

दोन्ही मोठ्यांना चार गोष्टी आल्याच पाहिजेत: इंजिन सुरू करणं, शिडं उतरवणं, नांगर टाकणं आणि रेडिओवर मदत मागणं. कप्तान असला तरी. तोच पाण्यात पडला तर? रेडिओचा सोळावा चॅनल, 'मेडे' ही संकटाची हाक तीनदा, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालंय, किती माणसं आहेत. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवा. दहा वर्षांच्या मुलालाही ते वाचून दाखवता येतं. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

शिधा

नाशिकचा माणूस कांदा घेऊन निघणार, हे गृहीतच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो टिकत नाही. चाळीत सहा-सहा महिने राहणारा उन्हाळी कांदा तोवर संपत आलेला असतो. लाल कांदा घ्यायचाच तर मान पूर्ण वाळलेला, मध्यम आकाराचा, सात-आठ किलो घ्या, जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा आणि तीन दिवसांनी एकदा हाताने चाचपून मऊ पडलेले काढून टाका. एक सडका कांदा बंद केबिनमध्ये किती वास मारतो ते सांगायला नको. बटाटे त्याच्या शेजारी ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. द्राक्षं जानेवारीपासून मिळतात, पण ती पहिल्या तीन-चार दिवसांचीच. धुऊन ठेवू नका, खायच्या वेळी धुवा. पुढच्या दिवसांना बेदाणे.

पापड-कुरडया खाऱ्या हवेत एका रात्रीत मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबे लहान. मोठा डबा दिवसातून चारदा उघडला की सगळाच माल गेला. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ-दाणे, खजूर, मऊभाताचा तांदूळ-मूगडाळीचा एकेका वेळेचा पुडा घरूनच बांधून न्या. हलत्या बोटीत वाटीने मोजमाप होत नाही. ताजे मासे, नारळ, केळी, भाजी प्रत्येक बंदरावर मिळतात. तेव्हा पंधरा दिवसांची भाजी नाशिकहून नेण्याचा आटापिटा करू नका.

स्वयंपाकाला तीन लिटरचा कुकर हे सर्वांत सुरक्षित भांडं. झाकण अडकलेलं असतं, त्यामुळे बोट कलली तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. शेगडीवर भांडं अडवणारे आडवे दांडे असावेत. चालत्या बोटीवर तळण करायचं नाही. भजी खायची ती नांगर टाकल्यावर. गॅसचा ५ किलोचा सिलिंडर चार जणांना साधारण पंधरा दिवस जातो. एक जास्तीचा घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकीतून निघून जातो, बोटीत मात्र तळाशी जाऊन साठतो आणि इंजिन सुरू करतानाच्या ठिणगीने पेट घेतो. म्हणून आधी सिलिंडरची चावी बंद करायची, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचं बटण. प्रत्येक वेळी. आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, 'मला वाटलं तू केलंस' हा प्रकार नको.

पहिले दोन दिवस: लागणं

बोट लागणार हे धरून चाला. निघण्याआधीच्या रात्री आणि सकाळी तेलकट, तिखट काही नको. मिसळ खाऊन बोटीत चढणाऱ्याचं पुढे काय होतं ते गेटवेच्या लाँचवाल्यांना विचारा. सकाळी कोरडी पोळी, केळं, भडंग. खिशात आलेपाक. पोट रिकामं ठेवणंही चूकच, त्याने मळमळ वाढते. मूल खाली केबिनमध्ये पुस्तक किंवा मोबाइल घेऊन बसलं की अर्ध्या तासात ओकतं. त्याला वर आणा, क्षितिजाकडे बघायला लावा, सुकाण्यावर हात ठेवू द्या. डोळे आणि कान यांचा एकमेकांशी मेळ बसला की बरं वाटू लागतं. गोळ्या लागतातच असं नाही. पण द्यायच्या असतील तर कोणती, किती आणि केव्हा, हे बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार लिहून घ्या आणि घरी एक सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. या गोळ्यांनी काही मुलं झोपाळतात, काही उलट चेकाळतात. प्रोमेथाझिन असलेली गोळी दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कधीच द्यायची नाही.

उलट्यांपेक्षा धोका पाणी कमी होण्याचा. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी. अर्धी-अर्धी करून ग्लासात टाकू नका, प्रमाण चुकतं. पुड्या संपल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने द्या. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा मूल मलूल पडलं तर जवळच्या बंदराकडे वळा.

चालत्या बोटीवर

नियम दोनच, पण त्यांना सूट नाही. केबिनच्या बाहेर पाय टाकायच्या आधी जॅकेट, आणि बोट चालू असताना मुलाला हार्नेसची (छातीभोवतीच्या पट्ट्याला अडकवून बोटीला बांधलेली) दोरी. दोरी अशा लांबीची की मूल कॉकपिटमध्ये उभं राहू शकेल, पण कठड्यापलीकडे जाऊ शकणार नाही. 'पडल्यावर ओढून घेईल' अशी लांब दोरी उपयोगाची नाही. पाच नॉटने चाललेल्या बोटीबरोबर पाण्यात फरपटणाऱ्या मुलाला एकट्या माणसाला वर घेता येत नाही. कठड्याभोवती मासेमारीची जाळी खालपासून वरपर्यंत बांधून घ्या. बंदरावर कोळ्यांकडून मीटरवर मिळते. तिचा उपयोग मुलापेक्षा खेळणी, चपला आणि वाळत घातलेले कपडे वाचवण्यासाठी जास्त होतो, हे खरं. नियम मोठ्यांनाही लागू करा. बाबा जॅकेटशिवाय पुढे गेलेले दिसले की मुलांच्या लेखी नियम संपला.

पाठीमागून वारा असताना मोठं शीड हा मुलांच्या डोक्याला सर्वांत मोठा धोका आहे. वारा किंवा सुकाणू थोडं चुकलं की शिडाचा खालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन येतो. दक्षिणेकडे जाताना रोज दुपारी नेमकी हीच स्थिती असते. उपाय साधा आहे. दुपारचा वारा लागला की मोठं शीड उतरवून बांधून टाका आणि फक्त पुढच्या शिडावर चाला. बोट थोडी जास्त डुलेल, अर्धा-एक नॉट कमी मिळेल. बदल्यात डोक्यावर फिरणारं काही नाही, आणि वारा वाढला तर एक दोरी ओढून एकट्या माणसाला शीड लहान करता येतं. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला की लगेच लहान करायचं. 'बघू जरा' म्हणत थांबलं की ते काम दुप्पट जड होतं.

दिवसाचा क्रम असा बसवा: उजाडता निघायचं, मतलई वाऱ्यावर सकाळचे तीन तास. वारा पडला की न्याहारी आणि अर्धा-पाऊण तास अभ्यास. त्या वेळात हवं तर इंजिनवर चाला. जेवण बाराच्या आत, कारण वायव्येचा वारा सुरू झाल्यावर खाली कोणी उभं राहू शकत नाही. तीन वाजेपर्यंत नांगर. रात्री चालायचं नाही. कारण जाळी. दिवसा बोयांवरची निशाणं दिसतात, रात्री काहीच दिसत नाही. रायगडच्या खाड्यांच्या तोंडाशी डोलीची, म्हणजे पिशवीसारखी मोठी, जाळी खुंटांना कायमची बांधलेली असतात, त्यांचे खुंट भरतीला पाण्याखाली जातात. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन ताबडतोब बंद. गिअर पुढे-मागे करून सुटेल म्हणून प्रयत्न केला की पंख्याचा दांडा (शाफ्ट) वाकतो. शीड लावून खुल्या पाण्यात जा, किंवा नांगर टाका आणि जवळच्या होडीवाल्याला हाक मारा. जाळं त्याच्या पोटापाण्याचं आहे. कापावं लागलं तर भरपाई तिथेच बोलून घ्या.

खाडीत शिरणं आणि नांगर

भरतीच्या वेळेसाठी घरातलं पंचांग पुरतं. कोळ्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आणि तास-अर्ध्या तासाने इकडेतिकडे होणारा. दक्षिणेला जाल तशी वेळ आधी येते. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे तक्ते आहेतच, पण सफरीच्या तारखा ठरवायला पंचांग फार उपयोगी. चतुर्थी ते षष्ठी या दिवसांत भरती दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान पुरी होते, म्हणजे आपण एक ते तीनच्या दरम्यान खाडीच्या तोंडाशी पोचतो तेव्हा पाणी चढत असतं. उथळ तोंडाच्या खाड्यांचे मुक्काम या तिथींवर बसवा.

चढत्या पाण्यातच का? बोट वाळूला टेकली तर पुढच्या पंधरा मिनिटांत आपोआप सुटते. ओहोटीत टेकली तर सहा-आठ तास तिरकी पडून राहते, मुलांसकट. दुसरं, ओहोटीचं पाणी बाहेर येतं आणि वायव्येचा वारा आत ढकलतो, तेव्हा तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. भरतीत वारा आणि पाणी एकाच दिशेने, म्हणून पाणी बरंच नरम. पहाटे निघताना याच तिथींना ओहोटी चालू असते. जयगड, विजयदुर्गसारख्या खोल जागी त्याचा फायदाच होतो, पण उथळ तोंड असेल तर पाणी तपासूनच निघा.

साखळी किती सोडायची याचा हिशेब भरतीच्या खोलीवर करायचा. ओहोटीला पाणी ४ मीटर, भरती आणखी ३ मीटर चढणार, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर वर. एकूण ८. त्याच्या पाचपट, ४० मीटर साखळी. दोर असेल तर सातपट, ५६. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, गोव्यात साधारण दोन. ओहोटीला नांगर टाकून त्या वेळची खोली धरणारा रात्री घसरतो. साखळी सुटल्यावर इंजिन हळूहळू मागे घ्या, अर्ध्या जोराने मिनिटभर ओढा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खांब एका रेषेत धरा. ती रेष हलली नाही तर नांगर बसला. खाड्यांतला चिखल चांगला धरतो, फक्त नांगर मुरायला पाच मिनिटं द्या. मालवणला खडक फार, तिथे ऊन डोक्यावर असताना आणि स्थानिक माणूस घेऊनच शिरा.

मुक्कामावरचं घर

नांगर पडला की पहिलं काम सावलीचं. कॉकपिटवर आणि पुढच्या झरोक्यावर कापड ताणा. पांढऱ्यापेक्षा गडद, जाड कापडाची सावली दाट पडते. रात्री दंव पडतं, त्यामुळे झरोके उघडे पण वर कापड असलेले हवेत. डास खाडीच्या आत जास्त, तोंडाजवळ वाऱ्यात कमी.

आंघोळ समुद्राच्या पाण्याने आणि शांपूने. साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही. शेवटी माणशी दोन लिटर गोडं पाणी, फवारा पंपातून. त्यात काटकसर नको. अंगावर राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्वचा कधी कोरडी होत नाही आणि काखेत, मांड्यांत घामोळं उठतं. कपड्यांचंही तेच, समुद्रात धुतलेला टॉवेल सात दिवसांत वाळत नाही.

संडासाची गोष्ट पाहुण्यांना लाजत सांगू नका, स्पष्ट सांगा. खाल्लेलं सोडून दुसरं काही आत जाणार नाही. कागद नाही, केस नाहीत, डायपर तर नाहीच. वापरल्यावर हातपंपाचे वीस दट्टे. दहाच मारले तर मैला नळीत अडकतो, तिथे मीठ धरतं आणि झडप तुंबते. ती उघडून साफ करणारा माणूस तुम्हीच असता. चालत्या बोटीवर पाण्याची चावी बंद, नाहीतर कलल्यावर पाणी उलटं आत येतं. घरच्या सवयीप्रमाणे पाणी लागतंच, त्यासाठी समुद्राच्या पाण्याची बाटली भरून ठेवा.

विजेचा हिशेब एकदा कागदावर करा. १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले ५०च वापरायचे, त्याखाली गेली की ती लवकर मरते. दोन पंखे आठ तास म्हणजे सुमारे १६, दिवे आणि फोन ८-१०, मुक्कामाचा दिवा २-३, रेडिओ आणि उपकरणं १०. साधारण ३५-४० झाले. शंभर वॉटचं एक सोलर पॅनेल दिवसाला ३० च्या आसपास देतं, बाकी सकाळच्या इंजिनातून. मुलांच्या टॅबलेटला यात जागा नाही, आणि ते बरंच आहे.

किनाऱ्यावर उतरताना पायात जुने बूट हवेत, चपला नव्हे. खडकांवर आणि जेटीच्या पायऱ्यांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते आणि ओहोटीला त्यांवर शेवाळ येतं. कापलं तर गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, आत कवचाचा तुकडा राहिला नाही ना बघा. तो राहिला की तिसऱ्या दिवशी पू. वाळूवर पाणी गढूळ असेल तर पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, पाकट बाजूला सरकतो. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तासभर बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पाणी किती गरम आहे ते न लागलेल्या पायाने बघा. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. पोहून झाल्यावर कान टॉवेलच्या टोकाने कोरडे करा. मुलांचे बरेच आजार कानाचे असतात.

लहान होडीतून उतरताना एका फेरीत सगळं कुटुंब कोंबू नका. आधी एक मोठा आणि एक मूल, मग बाकीचे. आजी-आजोबांना होडीतून बोटीवर चढणं जमतं का, हे पहिल्या दिवशी मांडव्याला भरतीच्या वेळी बघा. जमत नसेल तर त्यांना रस्त्याने पुढच्या मुक्कामाला बोलावणं हा चांगला मार्ग आहे.

शाळा आणि करमणूक

मुलांना काम द्या, खेळणी नकोत. सात वर्षांचं मूल दर तासाला घड्याळ, दिशा आणि वेग वहीत लिहू शकतं. दहाचं मूल खोली वाचून दाखवू शकतं. दोन गाठी पुरेत: बोलाईन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) आणि खुंट्याला मारायची क्लीट गाठ. सकाळी हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळ दिसतात, त्यांच्या मागे बोट पळवू नका, इंजिन कमी करून थांबा. अमावास्येच्या आसपास पाण्यात बादली ढवळली तर कधी कधी निळसर उजेड उठतो. फेब्रुवारीत वेळासजवळ असाल तर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखणारी गावकरी मंडळी भेटतात. किल्ले पाहायला मुलांना सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग पुरतात. रोज एक किल्ला नको.

परतताना

मडगाव किंवा रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेस थेट नाशिक रोडला येते, सामान पनवेल-कल्याणला उतरवून बदलायची कटकट नाही. तिकीट मात्र पोचण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर तीन दिवसांनी काढा. गाडीची तारीख जवळ आली म्हणून माणसं नको त्या वाऱ्यात निघतात. बोट परत देण्याआधी सगळे लॉकर उघडून गोड्या पाण्याने पुसा, जॅकेटांचे पट्टे आणि झिप धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरला झिप मिठाने जाम झालेली सापडेल. दोन-तीन दिवस मुलांना घरातली फरशी हलल्यासारखी वाटेल, त्यासाठी औषध लागत नाही. सायकल तेवढी दोन दिवस देऊ नका.